ओझरच्या विमानात नानांची बाटली

तुमच्यापैकी पुष्कळजण नाशिकला येऊन गेले असतील. कोणी सिंहस्थाला, कोणी वणीच्या देवीला, कोणी पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोची गाडी घेऊन. पण ओझरला जाऊन विमानात बसलेले त्यात थोडेच असतील. मीही छप्पन वर्षांचा होईपर्यंत बसलो नव्हतो. मागच्या मार्चअखेर तो योग आला, तोही एका बागायतदारामुळे. त्या प्रवासात एक बाटली होती आणि सगळी हकीकत त्या बाटलीचीच आहे, म्हणून बाटलीपासूनच सुरुवात करतो.

हे बागायतदार दिंडोरी तालुक्यातले. वय सत्तरीच्या घरात. गाव त्यांना नाना म्हणते, मीही नानाच म्हणतो. 2001 साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूरला वाइनसाठी औद्योगिक वसाहत ठरली. त्याच्या आदल्याच वर्षी गंगापूर धरणाजवळच्या सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली होती. आम्हा विस्तार खात्यातल्या माणसांच्या पिशव्या माहितीपत्रकांनी भरल्या. मी तेव्हा तिशीतला, अंगात उत्साह. गावोगाव बैठका घेऊन सांगत फिरलो की खाण्याच्या द्राक्षाला बाजाराची टांगती तलवार असते, वाइनच्या द्राक्षाला करार असतो. नानांनी माझ्या शब्दावर 2004 साली दोन एकर शिराज लावली.

ज्यांनी हे द्राक्ष पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. वाइनचे द्राक्ष मण्याने बारीक, काळे, जाड सालीचे, आत बिया. त्याला जिबरेलिक आम्लात घड बुडवून मणी फुगवायचे नसतात, विरळणीचा तेवढा कुटाणा नसतो. बाग मांडवावर न चढवता तारांवर उभी बांधतात. माल एकरी चार-पाच टनांवर रोखायचा आणि साखर बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत चढू द्यायची. ही साखरच पुढे टाकीत यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल होते, शंभरात बारा-चौदा भाग. काळ्या द्राक्षाचा रस सालीसकट आंबवतात, रंग सालीतून उतरतो. नानांना हे सगळे पटले आणि पहिली दोन-तीन पिके चांगली गेलीही. नानांनी त्यात विहिरीचे बांधकाम पुरे केले.

मग 2008 सालची जागतिक मंदी आली. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइनचा खप बसला. टाक्यांत जुना माल तसाच, मग नवा कुठे ओतायचा? पुढच्या हंगामात करार केलेल्या वाइनरीने नानांना निरोप पाठवला की माल घेणार नाही. बंधूंनो, थॉमसनचे घड राहिले तर निदान बेदाणा होतो. हे बियांचे द्राक्ष ना कोणी खात, ना त्याचा बेदाणा होतो. माल वेलीवर सुकला. त्या दिवसांत नाशिक जिल्ह्यात कितीतरी बागा निघाल्या. नानांनी दीड एकर खुंटावर कापून त्यावर थॉमसनचे कलम भरले. मी बांधावर उभा होतो. नाना मला एक शब्द बोलले नाहीत, काकूंनी नेहमीसारखा चहा पाठवला. तो चहा मला अजून आठवतो.

अर्धा एकर मात्र त्यांनी का कोण जाणे तसाच ठेवला. पुढे धंदा सावरला, गेली काही वर्षे दुसरी एक वाइनरी तो माल नेते. यंदा तोडणी संपल्यावर तिथल्या माणसाने नानांच्या हातात एक बाटली ठेवली आणि म्हणाला, यात तुमचाही माल आहे. आता टाकीत पंचवीस जणांचा माल एकत्र होतो, पण नानांचाही होताच की! वीस वर्षे हे द्राक्ष पिकवून नानांनी वाइनचा थेंब चाखला नव्हता. काकू माळकरी. दारात तुळस. बाटली घरात आणायची सोय नाही, आणि गावात कुठे बसून प्यावी तर सकाळपर्यंत चार वाड्यांत बातमी. बाटली तीन आठवडे मोटारीच्या खोलीत, खताच्या रिकाम्या गोणीखाली होती.

नानांचा मुलगा बंगळूरला नोकरीला आहे. माल उतरला होता, एप्रिलच्या खरड छाटणीला पंधरा दिवस अवकाश होता, मुलाने विमानाची तिकिटे पाठवली. काकू म्हशी सोडून निघायला तयार होईनात, म्हणून काकूंच्या तिकिटाऐवजी माझे काढले. आदल्या संध्याकाळी नाना हळूच म्हणाले, "साहेब, बाटली बरोबर घेतो. वर आभाळात आपल्याला कोण ओळखतंय? विमान उडालं की दोन घोट तुम्ही, दोन घोट मी." खोटे कशाला सांगू, मलाही बेत आवडला. चौकशी करावी हे सुचले नाही. दुसऱ्यांना चौकशी करून पीक घ्या म्हणून सांगण्यात माझा जन्म गेला!

दिंडोरीहून ओझरचा विमानतळ जवळ. मोहाडी-जानोरीच्या रस्त्याने निघालात तर दोन्ही बाजूंना बागाच बागा. मोहाडीला सह्याद्री फार्म्सचा मोठा पसारा लागतो, शेतकऱ्यांनीच उभी केलेली कंपनी, तिथून द्राक्षे परदेशी जातात. मार्चअखेर या रस्त्याला एक सुस्ती असते. क्रेटच्या गाड्या कमी झालेल्या, पाने पिवळट पडलेली, मजुरांच्या टोळ्या पेठ-सुरगाण्याकडे परतलेल्या. ओझरला 1964 साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना आला. आमच्याकडे गावाचे नावच ओझर मिग पडले आहे. त्याच धावपट्टीला लागून जानोरीच्या बाजूला प्रवाशांची इमारत आहे. इथून आखातात जिवंत शेळ्यामेंढ्याही विमानाने गेल्या आहेत. नाना म्हणाले, "बकऱ्या जाऊन आल्या, आपण मागे राहिलो."

"जाऊन आल्या नाहीत नाना, नुसत्या गेल्या," मी म्हटले.

आत गेल्यावर मोठ्या पिशव्या एका खिडकीवर देऊन टाकायच्या, त्या विमानाच्या पोटात जातात. हातातली पिशवी क्ष-किरणांच्या यंत्रातून जाते. नानांची पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर भाकरीची चवड, सुपारीची डबी आणि मधोमध बाटली उभी. सुरक्षा कर्मचारी पोरगा मराठीच होता. म्हणाला, "बाबा, ही आत नेता येणार नाही."

"का रे? माझ्याच शेतातली आहे."

पोरगा हसला, पण हलला नाही. त्याने आम्हाला बाजूला घेऊन नीट समजावले आणि मी पुढे आणखी विचारून घेतले. ते तुम्हाला सांगून ठेवतो, म्हणजे तुमची अशी फजिती व्हायची नाही.

आपल्या देशातल्या देशात उडणाऱ्या विमानात मद्य दिलेच जात नाही, आणि घरून आणलेलेही पिऊ देत नाहीत. परदेशी जाणाऱ्या विमानात हवाईसुंदरी वाइन देते, पण तिने दिलेलीच प्यायची, आपल्या पिशवीतली नाही. अमेरिकेच्या विमान नियमांत तर स्पष्टच आहे की कंपनीच्या माणसाने ओतून दिले नसेल ते मद्य विमानात कोणी पिऊ नये. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी पातळ वस्तूची बाटलीही चालत नाही. 2006 साली लंडनमध्ये पातळ स्फोटके विमानात नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासूनचा हा नियम. विमानतळावरच्या करमुक्त दुकानातली बाटली सीलबंद पिशवीत देतात, ती घरी जाईपर्यंत फोडायची नसते. मार्च 2023 मध्ये दुबईहून मुंबईला येणाऱ्या विमानात दोघांनी ती फोडली. वर्षभर आखातात राबून घरी निघाले होते, आनंदात होते. पिऊन आरडाओरडा, शिवीगाळ झाली आणि घरच्या ओसरीऐवजी आधी पोलीस ठाणे पाहावे लागले. विमानात दारू पिऊन दंगा केला तर नुसत्या गुन्ह्यावर भागत नाही. पुढे तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, आणि प्रकार गंभीर असेल तर त्याहून जास्त काळ विमानबंदी होऊ शकते.

नानांचा प्रश्न मात्र सरळ होता. एस.टी.त आपण आपली भाकरी खातो, विमानातही खाऊ देतात, मग आपलीच वाइन का नको? कारण असे आहे. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर जाते, तेव्हा आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असते तेवढी विरळ असते. आपली कळसूबाई 5,400 फूट, म्हणजे तिच्याही वर बसल्यासारखे. तिथे प्राणवायू मुळात कमी मिळतो, त्यावर मद्याची भर नको. हवाईसुंदरी देते तेव्हा कोणाला किती दिले याचा हिशेब तिच्या डोक्यात असतो. पिशवीतल्या बाटलीचा हिशेब कोण ठेवणार? आणि वर कोणी बिघडला तर एस.टी.सारखी घंटी मारून त्याला फाट्यावर उतरवता येत नाही.

बाटली विमानाच्या पोटातून मात्र जाते. चोवीस टक्क्यांच्या आतले मद्य, म्हणजे वाइनही, धोक्याच्या मालात धरत नाहीत. तरी कंपनीगणिक मर्यादा असते, ती आधी विचारावी, खरेदीची पावती आणि आपला मद्याचा परवाना जवळ असू द्यावा आणि जिथे जायचे त्या राज्याचा कायदाही पाहावा. ओझरहून अहमदाबादचेही विमान आहे, आणि गुजरातेत दारूबंदी. बिहारमध्येही 2016 पासून बंदी आहे. तिकडे बाटली घेऊन उतरलात तर द्राक्ष कोणाच्या शेतातले हे कोणी विचारणार नाही. आणखी एक, जाता जाता. वणीचा प्रसाद म्हणून सुके खोबरे सामानात घालू नका. त्यात तेल असल्याने ते पेट घेऊ शकते, म्हणून विमानात त्याला मनाई आहे. आमच्यापुढच्या एका बाईंच्या दोन वाट्या तिथेच राहिल्या.

वेळ हाताशी होता. खिडकीवरच्या मुलीने नानांची पिशवी परत घेऊन सामानात टाकायची तयारी दाखवली. नानांनी डोक्याचा फेटा सोडला, बाटलीला सात-आठ वेढे दिले, वर धोतराची घडी लावली आणि लहान मूल झोळीत ठेवावे तशी पिशवी पट्ट्यावर ठेवली. भाकऱ्या काढून हातात घेतल्या. प्रवासभर ते बोडक्या डोक्याने बसले. सत्तर वर्षांत चारचौघांत फेटा न बांधता बसायची त्यांची ती पहिली वेळ असावी.

विमान उडाले आणि नाना खिडकीला चिकटले. मीही मान लांब केली. खाली द्राक्षबागांचे चौकोन, कुठे हिरवे, कुठे पिवळे, मध्ये शेततळ्यांचे चकाकणारे प्लास्टिक. गोदावरी एवढी बारीक दिसते यावर विश्वास बसत नव्हता. या ओझर-पिंपळगावच्या पट्ट्यात चार-पाच पिढ्यांनी माती उपसून, कर्ज काढून, गारपिटीला तोंड देऊन जे उभे केले ते वरून एका गोधडीएवढे दिसते. नानांना आपला मळा सापडला की नाही ते त्यांनी सांगितले नाही. बोट मात्र बराच वेळ काचेवर टेकलेले होते. मग आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला. शेजारच्या साहेबांनी ठेचा मागून घेतला. ठेचा नेहमीपेक्षा मिळमिळीत लागला. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यावर काम केले आहे. कोरड्या, विरळ हवेत नाक सुकते, जिभेला गोड आणि खारट कमी कळते. वाइनही वर फिकी आणि आंबट लागते म्हणतात. म्हणजे नानांची पहिली चव तिथे वायाच गेली असती.

बंगळूरला पिशवी पट्ट्यावर आली, तेव्हा नानांनी आधी वास घेतला. फुटली नव्हती. रात्री जेवणाआधी सुनेने बाटली उघडली. तिच्याकडे काचेचे प्याले नव्हते, स्टीलची फुलपात्रे होती. तेवढ्यात काकूंचा फोन आला, पोचलात का, जेवलात का. बोलता बोलता नानांनी फुलपात्र दुसऱ्या हाताने लांब सरकवले, जसा काही वास फोनमधून दिंडोरीला जाणार होता.

मग त्यांनी घोट घेतला. जिभेवर ठेवला, तोंड आवळले. मीही घेतला. तुरट, आंबटसर, मागाहून पिकल्या जांभळासारखे काहीतरी. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, एवढ्यासाठी तुम्ही मला दोन एकर लावायला लावली होय?"

मुलगा आणि सून हसले. मला हसता आले नाही. मी यंदाच्या दराचे काहीतरी बोलायला लागलो.

"ते राहू द्या," नाना म्हणाले आणि फुलपात्र पुन्हा पुढे केले.