पाटल्या आणि पासवर्ड

सात व्यसनांत पहिला जुगार, असं पाठशाळेत घोकलेली मी. आणि गेल्या चातुर्मासात लेकीबरोबर बसून ‘कॅसिनो रॉयाल’ बघितला! दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली होती, रात्र मोठी होती. म्हटलं, बघू तरी.

इयान फ्लेमिंगची बाँडवरची ही पहिलीच कादंबरी, 1953 सालची. सिनेमा 2006 चा. मला वाटलं, नुसती मारामारी असणार. पण गोष्ट निघाली पैशांची. त्यातला ल शिफ्र हा दहशतवाद्यांचा सावकार. त्यांचे पैसे सांभाळायचे आणि परस्पर शेअर बाजारात लावायचे, हा त्याचा धंदा. एका विमान कंपनीचे शेअर पडणार म्हणून तो पैसे लावतो, आणि ते पडावेत म्हणून तिचं नवं विमान उडवून द्यायचा कट करतो. बाँड तो हाणून पाडतो. दहा कोटी डॉलरच्या वर बुडतात. ते भरून काढायला मग माँटेनेग्रोत पत्त्यांचा डाव मांडतो.

आमच्यात अचौर्य व्रताचे अतिचार सांगतात, त्यात चोरीचा माल घेणं हाही एक. ‘आम्ही काय, नुसते पैसे सांभाळतो’ म्हणणारा सावकार त्यात आलाच की.

पण मनात राहिली ती व्हेस्पर. ब्रिटिश अर्थखात्यातली हिशेबाची बाई. बाँडला खेळायला एक कोटी डॉलर दिलेले. हरला तर वरचे पन्नास लाख द्यायचे की नाही, हे तिच्या हातात. तो हरतो, मागतो, आणि ती सरळ नाही म्हणते! पुढं दोघांचं प्रेम जमतं. स्विस खात्याचा पासवर्ड म्हणून बाँड तिचंच नाव ठेवतो. आणि व्हेनिसमध्ये तीच ते सगळे पैसे काढून शत्रूच्या हवाली करते आणि पाण्यात जीव देते. तिच्या आधीच्या माणसाला ओलीस धरलेलं, आणि बाँडचा जीवही तिनं त्याच सौद्यात मागून घेतलेला.

“फसवी बाई!” लेक म्हणाली.

“फसवी नव्हे गं, एकटी होती.”

“मग सांगायचं होतं की त्याला!”

मी गप्प झाले. वीस वर्षांपूर्वी माझ्या भावाचं दुकान अडचणीत आलं, तेव्हा मी माहेरच्या पाटल्या गहाण टाकून त्याला पैसे दिले होते. ह्यांना सांगितलं, घट्ट होतात म्हणून कपाटात ठेवल्यात. प्रत्येक लग्नात नवं निमित्त. घरखर्चातून वाचवून सोडवायला तीन वर्षं लागली. स्त्रीधन माझंच, चोरी नव्हती. पण खोटं ते खोटंच. दरवर्षी दशलक्षण संपलं की क्षमावणीला ह्यांच्यापुढं हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणायची. कशाची, ते कधी बोलले नाही.

या क्षमावणीला बोलले. हे बराच वेळ काही म्हणाले नाहीत. मग विचारलं, “मी नाही म्हणेन असं वाटलं तुला?”

मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवस घर जड होतं. तिसऱ्या दिवशी हेच म्हणाले, “काढ त्या पाटल्या, घालत जा.”

व्हेस्परलाही बाँडनं तोच प्रश्न विचारला असता. तिनं ती वेळच येऊ दिली नाही. मला उशिरा का होईना, तो ऐकायला मिळाला.