राष्ट्रपती आपल्या समाजाचा, पण मते कोणाची?

२०२७ च्या जुलैत राष्ट्रपतिपदाची निवडणूक होईल. त्याआधी दोन-तीन महिने एकाच प्रश्नाची चर्चा चालेल, ती म्हणजे यावेळी उमेदवार कोणत्या समाजाचा? वाहिन्यांवर नावे फिरतील, चौकाचौकात पैजा लागतील आणि नाव आपल्यापैकी कुणाचे निघाले तर रातोरात अभिनंदनाचे फ्लेक्स उभे राहतील. हा धुरळा उडण्याआधीच ही निवडणूक कशी लढवली जाते आणि जिंकली कशी जाते, हे आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावे असे मला वाटते. कारण जो समाज हिशेब मांडत नाही, त्याच्या नावावर दुसरेच हिशेब मांडतात.

२०१७ सालचे उदाहरण घ्या. १९ जूनला भाजपने रामनाथ कोविंद यांचे नाव जाहीर केले. २२ जूनला विरोधी पक्षांनी मीरा कुमार यांचे नाव पुढे केले. दोघेही अनुसूचित जातीचे. म्हणजे मतदानाच्या जवळजवळ महिनाभर आधीच दलित राष्ट्रपती होणार हे ठरून गेले. २० जुलैला निकाल लागला. कोविंद यांना ७,०२,०४४ आणि मीरा कुमार यांना ३,६७,३१४ मतमूल्य मिळाले. त्या आठवड्यात आमच्या विहारातल्या अभ्यासवर्गात एका पोराने विचारले, "दादा, दोघंबी आपलेच होते ना? मंग हारलं कोण?"

वर्ग हसला. मला मात्र हा प्रश्न त्या महिन्यात ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा मोलाचा वाटला. मी फळ्यावर हिशेब मांडला. तोच इथे मांडतो.

संविधानाच्या कलम ५४ प्रमाणे राष्ट्रपतीला निवडतात ते संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. राज्यसभेतल्या राष्ट्रपतिनियुक्त बारा सदस्यांना मत नाही. विधान परिषदेच्या आमदारांनाही मत नाही. हे दुसरे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रत्येक मताचे मूल्य सारखे नसते. राज्याच्या लोकसंख्येला तिथल्या निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा १,००० ने भागायचे. लोकसंख्या धरायची ती १९७१ च्या जनगणनेची. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत हेच चालणार आहे. १९७१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाखांच्या वर होती, आमदार २८८. म्हणून आपल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, सिक्कीमच्या आमदाराचे ७. देशभरच्या सगळ्या आमदारांचे मूल्य एकत्र करून त्याला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागले की खासदाराच्या मताचे मूल्य निघते. २०२२ साली ते ७०० होते आणि मतदारमंडळाचे एकूण मूल्य १०,८६,४३१. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मिळवेल तो राष्ट्रपती.

आता नागपूर जिल्ह्याचे पाहू. विधानसभेच्या बारा जागा, बारा गुणिले १७५ म्हणजे २,१००. लोकसभेच्या दोन जागा, नागपूर आणि रामटेक, म्हणजे १,४००. बेरीज ३,५००. दहा लाख शहाऐंशी हजारांत साडेतीन हजार. या बारांतल्या उत्तर नागपूर आणि उमरेड या जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत आणि रामटेकही राखीव आहे. म्हणजे दीक्षाभूमीच्या या जिल्ह्यातून राखीव जागांचे मूल्य १,०५०.

आणि हे १,०५० तरी आपले आहे का? खरी मेख इथे आहे. राखीव जागेवरचा प्रतिनिधी आपल्या जातीचा असतो, पण तिकीट पक्षाचे असते आणि त्याला निवडून देणारा मतदार सगळ्या समाजांचा मिळून असतो. पुणे करारानंतर हे असेच चालत आले आहे. देशभरात लोकसभेच्या अनुसूचित जातींसाठी ८४ आणि जमातींसाठी ४७ जागा राखीव आहेत. १३१ गुणिले ७०० केले तर ९१,७०० मूल्य होते. कागदावर ही ताकद लहान नाही. पण हे १३१ जण समाज म्हणून एकत्र बसले आणि उमेदवार ठरवला, असे कधी घडलेले आपण ऐकले आहे का?

गंमत म्हणजे या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही. मतदान गुप्त असते, पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून आमदारकी जात नाही. १९६९ साली हे देशाने पाहिले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते आणि इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाने मत द्या असे आवाहन केले. तिसरे उमेदवार आपले मराठी चिंतामणराव देशमुख. पहिल्या पसंतीत कोणालाच कोटा गाठता आला नाही, दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. अखेर व्ही. व्ही. गिरी यांना ४,२०,०७७ आणि रेड्डी यांना ४,०५,४२७ मते पडली. निवडणूक अशी चुरशीची झाली की लहान गटाच्या शब्दालाही किंमत येते. पण त्यासाठी गट असावा लागतो आणि त्या गटाकडे स्वतःची मते असावी लागतात.

हे ज्यांना कळले त्यांनी काय केले तेही पाहा. २००७ साली प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या. भाजपचा पाठिंबा भैरोंसिंह शेखावत यांना होता. शिवसेना भाजपच्या आघाडीत असूनही मराठी उमेदवार म्हणून तिने प्रतिभाताईंना मते दिली. आघाडी मोडली नाही, कारण सेनेकडे स्वतःचे आमदार-खासदार होते. 'मराठी माणूस' या शब्दामागे मतमूल्य उभे होते, म्हणून तो शब्द ऐकला गेला.

त्याच वर्षी मे महिन्यात उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्षाने २०६ जागा जिंकल्या होत्या. २०६ गुणिले २०८ म्हणजे ४२,८४८. खासदारांची मते वेगळी. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या पक्षाच्या हातात एवढे मूल्य होते. तो पाठिंबा प्रतिभाताईंकडे गेला. २०२२ साली त्याच विधानसभेत पक्षाचा एक आमदार उरला होता. विधानसभेतले मूल्य २०८. दोन्ही वर्षी उमेदवाराची जात काय होती, यावर हा फरक अवलंबून नव्हता.

आणि आपल्या महाराष्ट्रात? १९९८ च्या लोकसभेत रिपब्लिकन चळवळीचे चार खासदार निवडून आले होते. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर-मध्यमधून रामदास आठवले. चारही जागा तेव्हा खुल्या होत्या, त्यांतल्या तीन विदर्भातल्या. ती लोकसभा तेरा महिन्यांत गेली आणि ती एकीही टिकली नाही. आपल्या वाट्याला पुढे काय आले? आघाड्यांच्या वाटपात विधान परिषदेची एखादी जागा, एखादे महामंडळ. दादासाहेब गवई जवळजवळ तीस वर्षे विधान परिषदेत होते, सभापतीही झाले. त्या काळात राष्ट्रपतिपदाच्या कितीतरी निवडणुका झाल्या, पण परिषदेचे सदस्य म्हणून त्यांना एकदाही मत नव्हते. त्यांचे कर्तृत्व वादातीत आहे. प्रश्न देणाऱ्यांचा आहे. मान मिळेल पण मत मिळणार नाही, अशीच जागा आपल्यासाठी का काढली जाते?

काही तरुण म्हणतात, मग राष्ट्रपती जनतेनेच थेट निवडावा. हा मुद्दा संविधान सभेत प्रा. के. टी. शहा यांनी मांडला होता. डिसेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले. एवढ्या प्रचंड मतदारसंघाची निवडणूक घेणे अवघड आहे हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे, ते म्हणजे ज्या पदाला स्वतःची कार्यकारी सत्ता नाही, त्यासाठी देशभर थेट निवडणूक कशाला? मला बाबासाहेबांचे म्हणणे आजही पटते. सगळा देश एकच मतदारसंघ केला तर तिथे अल्पसंख्याकाचा निभाव लागणार नाही.

पण बाबासाहेबांनी एक दुसरी कसोटीही सांगून ठेवली आहे आणि ती आपण विसरलो. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. ही फेडरेशन १९४२ च्या जुलैत याच नागपुरात उभी राहिली होती. त्या निवेदनात मंत्रिमंडळातल्या अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधींबद्दल एक तत्त्व आहे. तो प्रतिनिधी बहुसंख्याकांनी पसंत करून नेमलेला नसावा, विधिमंडळातल्या त्याच्या समाजाच्या सदस्यांनी त्याला निवडलेले असावे. माणूस आपल्या जातीचा आहे की नाही, एवढाच प्रश्न बाबासाहेबांना पुरत नव्हता. त्याच्यावर विश्वास कोणाचा आहे आणि तो कोणाला उत्तर देतो, हे ते विचारत होते. ही कसोटी राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला लावून पाहा. कोविंद असोत की मीरा कुमार, नाव ठरवणाऱ्या खोलीत समाज कुठे होता?

याचा अर्थ असा नव्हे की प्रतीकाला किंमत नाही. सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर के. आर. नारायणन यांचा फोटो लागला तेव्हा माझ्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्या पाण्याची थट्टा मी कोणाला करू देणार नाही. नारायणन यांनी ते पद वाकू दिले नाही. १९९७ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या फायलीवर अनुसूचित जाती-जमातींच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न लेखी उपस्थित केला. कणखर माणूस त्या खुर्चीत बसला तर काय करू शकतो, हे त्यांनी दाखवले.

पण त्याच जुलै महिन्यातल्या तारखा शेजारी शेजारी ठेवा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधाला जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण मारले गेले. १४ जुलैला राष्ट्रपतिपदाचे मतदान झाले. नारायणन यांना ९,५६,२९० आणि टी. एन. शेषन यांना ५०,६३१ मते मिळाली. देशाचा पहिला दलित राष्ट्रपती जवळजवळ एकमुखाने निवडला जात होता आणि त्याच राज्यात दहा प्रेतांवर अंत्यसंस्कार झाले होते. त्या वर्षी मी कॉलेजात होतो. एका हातात निषेधाचे निवेदन आणि दुसऱ्या हातात अभिनंदनाचे पेढे, अशी आमची अवस्था होती. त्या राष्ट्रपतीकडे पोलीस नव्हते, गृहखाते नव्हते. ते ज्यांच्याकडे होते ते विधानसभेच्या बेरजेतून आले होते.

म्हणून तरुण मित्रांनो, 'मंग हारलं कोण?' या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. ज्यांच्याजवळ बेरीज होती ते जिंकले. ज्यांच्याजवळ नव्हती ते हरले. आपण त्या बेरजेत नव्हतोच. निवडून आल्यावर साधारण दोन महिन्यांनी कोविंद दीक्षाभूमीवर आले, नतमस्तक झाले, आपण स्वागत केले. स्वागत जरूर करावे. पण पाहुण्याचे स्वागत करणे वेगळे आणि घरातला माणूस पाठवणे वेगळे.

राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारी अर्जावर आज ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, तेही सगळे मतदारमंडळातलेच. महाराष्ट्रातल्या आपल्या सगळ्या गटांनी मिळून अर्ज भरायचा म्हटला तरी तो भरता येणार नाही. ही लाज वाटून घेण्याची नव्हे, कामाला लागण्याची गोष्ट आहे.

काम तीन प्रकारचे आहे. पहिले, विधानसभेची जागा हेच लक्ष्य ठेवा. परिषद, महामंडळ, समिती यांवर तडजोड करणाऱ्या पुढाऱ्याला विचारा की तिथे मत आहे का? दुसरे, २०२७ च्या मतदानाआधी आपल्या भागातल्या राखीव जागेवरच्या आमदार-खासदाराला जाहीर सभेत बोलवा. पक्षादेश नाही, मत गुप्त आहे, मग तुम्ही समाजाशी चर्चा करून मत देणार की नाही, हे त्याच्या तोंडून वदवून घ्या. तिसरे, उमेदवाराला त्याची जात विचारू नका, भूमिका विचारा. कलम ३३८ प्रमाणे अनुसूचित जाती आयोगाचे अहवाल राष्ट्रपतींकडे जातात आणि ते संसदेसमोर ठेवले जायला हवेत. ते वेळेवर ठेवले जावेत म्हणून तुम्ही आग्रह धराल का? आपल्या विरोधातले विधेयक कलम १११ खाली फेरविचाराला परत पाठवाल का? न्यायाधीशांच्या फायलीवर नारायणन यांच्यासारखे लिहाल का?

फ्लेक्स छापायला टाकण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे मिळवा. मिळाली नाहीत, तर फ्लेक्सचे पैसे मतदार नोंदणीच्या कामाला लावा.

जय भीम!