तीन दरवाजाचा दगड

भावाच्या मुलीचं लग्न शुक्रवारी उरकलं. परतीची गाडी शनिवारी रात्रीची होती. मधला मोकळा दिवस ताईने आणि मी जुन्या अहमदाबादेत पायी घालवायचा ठरवला. व्याह्यांनी गाडी देऊ केली होती. "तिथे बघायचं काय? नुसत्या गल्ल्या," असं त्यांचं म्हणणं पडलं. ताईचे गुडघे कुरकुरतात, तरी गाडीला नको तिनेच म्हटलं.

सकाळी पावणेआठला आम्ही काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिराशी पोचलो. मंदिर १८२२चं. महापालिकेचा हेरिटेज वॉक इथून निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो. १९९७ साली सुरू झालेला हा उपक्रम अजून चालू आहे. आमच्याबरोबर दहाबारा जण होते. वाटाड्या कॉलेजातला वाटावा इतका लहान, पण गल्ल्या त्याच्या पायांना पाठ होत्या.

पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आत वसलेली अख्खी आळी. रात्री दरवाजा बंद होई आणि त्याच्या माथ्यावरच्या खोलीत राखणदार राही. आत देऊळ, विहीर आणि पोळीतल्या बातम्या लिहायचा काळा फळा. "पोळीत शिरलो म्हणजे आता आपण पुरण झालो," ताई म्हणाली. बरोबरच्या बंगाली जोडप्याला मी का हसतेय ते समजावता आलं नाही.

लांबेश्वरच्या पोळीत कवी दलपतरामांच्या घराची दर्शनी बाजू पुन्हा उभारली आहे. तिच्यापुढे कवींचा पुतळा ओट्याशी आलेल्यागेलेल्याची वाट बघत बसल्यासारखा बसवला आहे. पुढच्या चौकात चबुतरा लागला. आपल्याकडचा बसायचा चबुतरा वेगळा. हा उंच खांबावर नक्षीदार लाकडी घर बांधून केलेला. त्यात पाखरांना दाणे टाकतात. वस्ती दाटल्यावर झाडं राहिली नाहीत, म्हणून पाखरांची ही सोय, असं वाटाड्याने सांगितलं.

गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या दोन सज्जांतून वाटीभर साखर सहज देताघेता यावी. तो चिंचोळेपणा आधी जाचला. नऊ वाजले, ऊन चढलं, तरी आम्ही सावलीतच होतो, तेव्हा त्यातली सोय कळली. एक घर आतून बघायला मिळालं. मधला चौक आभाळाला उघडा आणि त्याच्याखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं. छपरावरचं पाणी नळीने त्यात उतरतं आणि घराला प्यायला पुरतं. विटांच्या भिंतींत लाकडी तुळया गुंफलेल्या. भूकंपात घर हलतं, पण एकदम कोसळत नाही.

पुढे वाटाड्या एका बंद दारापुढे थांबला. कुणाच्या घराचं दार वाटून आम्ही मागे सरलो. त्याने ते ढकललं, तर पलीकडे दुसरी पोळ. दंग्याधोप्यात, आगीत निसटायला ठेवलेली ही वाट.

दारं न्याहाळायची सवय लागली, तशी कुलपं दिसायला लागली. कोरीव खांब, मोर, वेली, आणि कडीला गंजलेलं कुलूप. एका ओट्यावर बसलेल्या आजींना ताईने तिच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत विचारलं, हे समोरचं घर कुणाचं? चार भावांचं, आजी म्हणाल्या. एक नदीपलीकडे राहतो, एक अमेरिकेत. वाटणी होत नाही, म्हणून डागडुजीही होत नाही.

"आणि बहिणी?"

"बहेनोए तो सही करी आपी," आजी इतक्या सहज म्हणाल्या, की पुढे विचारायला काही राहिलं नाही.

२०१७ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा शहराचा मान दिला. भारतातलं हे पहिलंच. आजींच्या समोरचं कुलूप त्या आधीचं असावं.

साडेदहाला जामा मशीद आली. अहमदशहाने ती १४२४ साली पुरी केली. दोनशे साठ खांबांची ही मशीद दारातले मिनार हरवून बसली आहे. १८१९च्या भूकंपात ते पडले. आमचा फेरफटका तिथे संपला. निघताना वाटाड्याने आम्हा दोघींना मुद्दाम थांबवलं. "तुम्ही मराठी ना? मग तीन दरवाजाचा शिलालेख बघून जा."

माणेकचौकातल्या फाफडा-जलेबीवर आम्ही आधी ताव मारला आणि मग गांधी रोडने तीन दरवाजाकडे निघालो. तीन कमानींची ही वेस. खालून रिक्षा, हातगाड्या, ओढण्यांचे ढीग. एका कोनाड्यात दिवा तेवतो. लक्ष्मी शहर सोडून निघाली, तेव्हा इथल्या कोतवालाने तिला थोपवलं, अशी आख्यायिका आहे. दिव्यात तेल घालतं ते मुसलमान कुटुंब, पिढ्यान्पिढ्या.

शिलालेख शोधायला वेळ लागला. ओढण्यांच्या गर्दीतून एका विक्रेत्याने हात वर करून दाखवला. देवनागरी अक्षरं, झिजलेली. काय लिहिलंय ते वाटाड्याने सांगितलं होतं. १८१२ साली मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने काढलेला हुकूम आहे तो. बापाच्या मिळकतीतला मुलीचा वाटा तिला विनाअडथळा मिळावा. मोडेल त्या हिंदूने महादेवाला जबाब द्यावा, मुसलमानाने अल्लाला.

१७५३ साली रघुनाथराव आणि दमाजी गायकवाडांनी हे शहर घेतलं, १८१७ साली ते इंग्रजांकडे गेलं. इथे मराठ्यांची आठवण निघते ती बहुधा वसुलीची. हा दगड शाळेत कुणी शिकवला नव्हता. देशभरच्या हिंदू मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क कायद्याने मिळाला तो २००५ साली.

ताई मान वर करून बराच वेळ उभी राहिली. मागून हातगाडीवाला ओरडला तेव्हा बाजूला झाली. "गाडीतून आलो असतो तर खालून निघून गेलो असतो," एवढंच म्हणाली.

बाबा गेल्यावर वर्षभरात आम्ही दोघींनी तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं. भावाने दोघींना एकेक पैठणी घेतली होती. लग्नात ताई तीच नेसली होती.