पुंगळ्यांचा हिशेब

निवृत्तीनंतर मुलाबाळांकडे परदेशी गेलेल्या मंडळींच्या प्रवासवर्णनांचा आपल्या त्रैमासिकाला कधी तुटवडा पडलेला नाही. नायगाराचा धबधबा आणि न्यूयॉर्कच्या उंच इमारती वाचकांना आता पाठ झाल्या असतील. त्यांत भर घालण्याचा माझा मनोदय नाही. 2022 सालच्या पानगळीच्या दिवसांत मी पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका लहान गावी मुलाकडे राहिलो होतो. तेथे एका शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये एक यंत्र बांधण्यास मी हातभार लावला. बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या स्वच्छ करणारा तो एक फिरता ढोल होता. त्या ढोलाबरोबर माझ्याही मनात काही घुसळले गेले. त्याची ही हकिकत.

शेजारी सत्तरी ओलांडलेले, विधुर, कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य घालविलेले गृहस्थ होते. माझा नातू त्यांना ‘पलीकडचे आजोबा’ म्हणे. मीही येथे तेच म्हणतो. त्या राज्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम म्हणजे आपल्याकडील एखाद्या सणासारखा. पूर्वी रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होई. 2019पासून तो आदल्या शनिवारी सुरू होतो. त्याची तयारी ऑक्टोबरातच चाललेली असते. माझ्यासारख्या शाकाहारी आणि बंदुकीविषयी मनात अढी असलेल्या माणसाला तेथे काय काम, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु उघड्या गॅरेजमध्ये पट्टी, पेन्सिल आणि कप्प्या घेऊन आकडेमोड करीत बसलेला समवयस्क माणूस दिसला की पदार्थविज्ञानाच्या जुन्या पदवीधराचे पाय तिकडे वळतात, हेही खरे.

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी स्फोटक टिकली, आतली दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. बार उडाला की टिकली व दारू जळून जातात, गोळी जाते. मागे राहते ती पुंगळी. चारांत महाग भाग तोच, आणि तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. म्हणून अनेक अमेरिकन शिकारी आपली काडतुसे घरी, हाताने भरतात. पुंगळीचे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. धातुशास्त्रात या मिश्रणाला ‘काडतुसी पितळ’ असेच म्हणतात. बार होताना ते पितळ क्षणभर फुगते, नळीच्या मागच्या खोबणीला घट्ट चिकटून धूर मागे येऊ देत नाही, आणि लगेच किंचित आकसून सुटते. लोखंडाला इतकी लवचीकता जमत नाही. फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणण्यासाठी साच्यात दाबावी लागते. तिच्यावर काजळी किंवा रेतीचा कण राहिला तर साच्यावर ओरखडा उठतो आणि पुढच्या प्रत्येक पुंगळीवर तो उमटतो. म्हणून आधी स्वच्छता.

आजोबांकडे पूर्वी थरथरणारे एक तयार यंत्र होते. त्यात अक्रोडाच्या कवचाचा भरडा घालून ते पुंगळ्या घाशीत. ते बिघडले होते. शिवाय टिकलीच्या जळक्या अवशेषात शिसे असते, ते कोरड्या धुळीबरोबर श्वासात जाते, असे डॉक्टरांनी त्यांना बजावले होते. म्हणून आता पाण्यात घासणारा ढोल हवा होता. विकतचा मिळतो, पण फिटरला विकतचा कसा चालेल?

साहित्य सगळे घरचे होते. घर गरम करणाऱ्या जुन्या भट्टीच्या पंख्याची एक तृतीयांश अश्वशक्तीची मोटर, दोन पोलादी दांडे, चाकांच्या बुटांतली चार बेअरिंगे, जाड फळ्यांची चौकट, आणि ढोल म्हणून सहा इंची पीव्हीसी नळाचा फूटभर तुकडा. एका टोकाला कायमचे चिकटविलेले बूच, दुसऱ्या टोकाला पोलादी पट्टीने आवळायची रबरी टोपी. दोन समांतर दांड्यांवर ढोल नुसता ठेवायचा. त्यांतील एक दांडा मोटरीने फिरला की ढोलही फिरतो. ओला ढोल घसरू नये म्हणून दांड्यांवर रबरी नळी चढविली.

अडले ते वेगापाशी. ढोल हळू फिरला तर आतला माल एका कुशीवर पडून नुसता घसरतो. फार जोरात फिरला तर सगळे भिंतीला चिकटून गोल फिरते आणि काहीच घासले जात नाही. पाण्याने भरलेला तांब्या दोरीला बांधून गरगर फिरविला तर पाणी सांडत नाही, त्यातलाच हा प्रकार. ही चिकटण्याची मर्यादा काढणे सोपे आहे. ढोलाचा आतला व्यास मीटरमध्ये घ्यावा आणि त्याच्या वर्गमुळाने 42.3 या संख्येस भागावे. आमचा व्यास 15.4 सेंटिमीटर, म्हणजे मर्यादा मिनिटाला सुमारे 108 फेरे. काम चांगले होते ते साधारण निम्म्या वेगाला. मोटर मिनिटाला 1725 फेरे घेई. तिच्यावर दीड इंची कप्पी आणि दांड्यावर आठ इंची कप्पी लावली तेव्हा दांड्याचे फेरे 323 झाले. रबरासह दांडा एक इंच जाड आणि ढोल बाहेरून 6.6 इंच, म्हणून ढोलाचे फेरे 49. हे गणित मी त्यांच्या फळीवर पेन्सिलीने मांडले. त्यांनी ते शांतपणे तपासले, आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या दारात येऊन मला बोलावून नेले.

ढोलाच्या आत आम्ही चार उभ्या पट्ट्या चिकटविल्या. त्या माल उचलून वर नेतात आणि खाली सोडतात. ढोल फिरताना हळूहळू एका बाजूला सरकत जाई. त्यासाठी दोन्ही टोकांना नायलॉनचे गुळगुळीत ठोकळे बसविले. आत घालायचे काय? गंज न धरणाऱ्या पोलादाच्या पाव इंच लांबीच्या बारीक टाचण्या अडीच किलो, टिकल्या काढून घेतलेल्या पुंगळ्या एक किलो, तीन लिटर पाणी, भांडी घासण्याचा थोडा द्रवसाबण आणि चिमूटभर लिंबाचे सत्त्व. सत्त्व जास्त पडले तर पितळातले जस्त सुटते आणि पुंगळी गुलाबी दिसू लागते. चिंच आणि राख यांनी तांब्या-पितळ्या घासणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे प्रमाण बोटांनीच कळत असे.

ढोल चालू झाल्यावर तीन तास आम्हांला बोलण्यावाचून दुसरे काम नसे. मी त्यांना जामनगरची गोष्ट सांगितली. नोकरीच्या काळात मी त्या जिल्ह्यात होतो. पितळी स्क्रू आणि सुटे भाग करणाऱ्या तेथील लहान कारखान्यांत मोठाले ढोल लाकडाच्या भुशासह फिरताना मी पाहिले होते. त्यांनी मला सांगितले की पितळ चमकविण्याची बाजारातली अमोनियायुक्त द्रव्ये पुंगळ्यांना कधी लावायची नाहीत, पुंगळी तडकते. या नियमाचे मूळ हिंदुस्थानात आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. इंग्रजी अमदानीत येथील फौजांच्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकत. काडतुसे तबेल्यांजवळ साठविलेली असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढून पुंगळी घडविताना धातूत कोंडून राहिलेला ताण, या तिघांनी मिळून ती तड जाई. ठराविक ऋतूत दिसे म्हणून इंग्रजांनी तिला ऋतूचेच नाव दिले. तिचे कारण नीट उलगडले ते 1921 साली. पुंगळी घडविल्यावर बेताची उष्णता देऊन तो ताण घालविणे हा उपाय ठरला. आजोबांनी हे लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाले, “म्हणजे दोष बाहेरून येत नाही. आत आधीच असतो.”

त्यांच्या मनात केवळ धातूच होता. माझ्या मनात मात्र दुसरे काही हलले.

1985 साली मी अठ्ठावीस वर्षांचा, नवा मामलतदार होतो. गुजरातेत त्या वर्षी राखीव जागांच्या प्रश्नावरून आंदोलन पेटले आणि पुढे त्याला दंगलीचे रूप आले. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून मला एका ठिकाणी बंदोबस्तावर नेमले होते. एका दुपारी माझ्या वरिष्ठांच्या हुकुमाने गोळीबार झाला. जमाव पांगल्यावर दोन शिपाई वाकून रस्त्यावर पुंगळ्या शोधू लागले. जितकी काडतुसे झाडली तितक्या पुंगळ्या हिशेबात दाखवाव्या लागतात. एक शिपाई त्या रुमालात गोळा करीत होता. दहा मिळाल्या, अकरावी गटाराच्या कडेला सापडली. ‘रिकामी पितळी पुंगळी, नग अकरा’ असे लिहिलेल्या पंचनाम्यावर मी सही केली. संध्याकाळी रुग्णालयात एक तरुण मरण पावला. कागदावरचा हिशेब मात्र बिनचूक जुळला होता.

सदतीस वर्षे मी हे घरात कोणाजवळ बोललो नव्हतो. त्या गॅरेजमध्ये, परक्या भाषेत, ढोलाच्या खुळखुळाटात ते बोलून गेलो. त्या पुंगळ्यांना हात लावताना मला बरे का वाटत नाही, याचा खुलासा त्यांना द्यावा असे वाटले असेल. आजोबांनी उठून मोटर बंद केली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. सांत्वन केले नाही, प्रश्न विचारला नाही. मग फळीवरून एक जुनी, मेणकापडी पुठ्ठ्याची वही काढून माझ्यापुढे ठेवली.

ती 1974पासूनची होती. दर हंगामाला तीनचार ओळी. तारीख, जागा, झाडलेल्या काडतुसांची संख्या, फळ. बहुतेक वर्षी एक काडतूस, एक हरीण. काही वर्षी काहीच नाही. एका वर्षापाशी त्यांनी बोट ठेवले आणि मोठ्याने वाचले: दोन काडतुसे, हरीण जखमी, अंधार पडेपर्यंत शोधले, सापडले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधले, सापडले नाही. “ही ओळ मी दर वर्षी हंगामाच्या आधी वाचतो,” ते म्हणाले. “त्या वर्षानंतर मी लांबचा बार कधी टाकला नाही.”

हरीण आणि माणूस यांची तुलना मी करीत नाही. त्यांनीही केली नाही. पण सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या मला नोंदीचे दोन प्रकार त्या दिवशी प्रथमच वेगळे दिसले. एक नोंद हिशेब मिटविण्यासाठी केलेली असते: आले अकरा, गेले अकरा, शिल्लक निरंक. दुसरी नोंद हिशेब उघडा ठेवण्यासाठी असते. त्या पंचनाम्यात चूक एकाही अक्षराची नव्हती. तो पहिल्या प्रकारचा होता, इतकेच.

संध्याकाळी ढोल उघडला. काळे पाणी त्यांनी अंगणात न ओतता वेगळ्या बादलीत घेतले, कारण त्यात शिसे होते. टाचण्या चाळून काढल्या. पुंगळीच्या गळ्यात एखादी टाचणी अडकून राहते, म्हणून प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून आरपार पाहिली. त्या आतूनबाहेरून नव्या झाल्या होत्या. कित्येकींच्या तळावर कारखान्याची अक्षरे आणि सालाचे आकडे होते. काजळीखाली बुजलेले ते आकडे स्पष्ट वाचता येऊ लागले. त्यांच्या वडिलांची, 43 साल असलेली एक पुंगळी मात्र त्यांनी ढोलात घातलीच नव्हती. ती काळपट, तशीच खिडकीत उभी होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक चमकती पुंगळी आठवण म्हणून देऊ केली. मी हात जोडून नाही म्हटले. सामानात काडतुसाची रिकामी पुंगळी सापडली तरी आपल्या विमानतळावर काय उलटतपासणी होते, हे मी त्यांना सांगितले. शस्त्र कायद्याची कामे मी स्वतः केलेली आहेत. ते हसले. कारण तेवढेच नव्हते हे त्यांना समजले असावे. त्याऐवजी मी गणित मांडलेली ती फळी करवतीने कापून त्यांनी माझ्या हाती दिली.

बडोद्यास आल्यावर मी दोन कामे केली. पहिले, माझ्या दैनंदिनीत त्या 1985च्या तारखेखाली त्या तरुणाचे नाव आणि वय लिहिले. नाव मला पहिल्यापासून ठाऊक होते. पंचनाम्यात त्याला रकाना नव्हता. दुसरे, पाडलेल्या जुन्या वाड्याच्या दारांवरील पितळी फुल्या आणि कड्या घरात पोत्यात पडून होत्या, त्यांच्यासाठी तसाच ढोल बांधला. यात पाणी नाही, टाचण्याही नाहीत. सुताराकडचा कोरडा भुसा आहे. काम हळू होते. एका खेपेला सात-आठ तास लागतात, पण घाई कोणाला आहे?

सभासदांपैकी कोणास आराखडा हवा असल्यास आनंदाने देईन. लहानसहान पितळी वस्तू आणून दिल्यास ढोलात फिरवूनही देईन. घुंगरू मात्र आणू नयेत; भुसा त्यांच्या फटींत शिरून बसतो. तसेच नावे घातलेल्या वाट्या आणि फुलपात्रीही आणू नयेत. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली ती अक्षरे उथळ असतात, आणि ढोलाला मळ कोणता व नाव कोणते हे कळत नाही.