विषय नसलेला मेल

डिसेंबर 2018 मध्ये अम्मीला घेऊन उमऱ्याला गेलो होतो. अब्बा गेल्यापासून तिची एकच इच्छा होती आणि माझी सवड निघत नव्हती. शेवटी नाताळाची सुट्टी आणि शिल्लक रजा जोडून पंधरा दिवस काढले. त्या सफरीबद्दल बऱ्याच मित्रांनी लिहायला सांगितलं होतं. लिहायला बसलो की दरवेळी एकच गोष्ट आडवी यायची, आणि ती सांगण्यासारखी वाटायची नाही. आज तीच सांगतो. ती ईमेलची आहे.

जाण्यापूर्वी आमच्या ग्रुपवाल्यांनी कागदावर यादी दिली होती. एहराम, बेल्ट, चपला, बी.पी.च्या गोळ्या, पासपोर्टच्या झेरॉक्स. फोनबद्दल एकच ओळ होती, ‘चार्जर घ्यावा’. मी चार्जर घेतला. मोबाइल कंपनीला फोन करून आंतरराष्ट्रीय रोमिंगही चालू करून घेतलं, कारण बँकेचा ओटीपी तिथे यायला हवा होता. तो का, ते पुढे येईल. डेटाचा पॅक मात्र घेतला नाही. इबादतीला चाललो आहे, नेट कशाला लागतंय, असा माझा हिशेब.

हिशेबात एक गोष्ट राहिली. आदल्या वर्षी विजापूरला एका लग्नाला गेलो होतो. कर्नाटकात शिरल्यावर नेट चालेना, म्हणून भाच्याने फोनमधलं ‘डेटा रोमिंग’चं बटण चालू करून दिलं होतं. ते तसंच राहिलं होतं. विजापूरला जे बटण फुकट होतं, ते जेद्दाहला नव्हतं.

विमान उतरलं, सगळ्यांनी फोन चालू केले, मीही केला. अंगावर एहरामच्या दोन चादरी, त्यांना खिसा नसतो, म्हणून फोन कमरेच्या बेल्टमध्ये. इमिग्रेशनच्या रांगेत तो बेल्ट थरथरायला लागला तो थांबेना. त्या वर्षी कॉलेजात नॅकची तयारी चालू होती आणि आमच्या समितीत एक पद्धत पडली होती. कुठलाही कागद सापडला की स्कॅन करायचा आणि सगळ्यांना पाठवायचा. मी विमानात असताना 8 मेल आले होते, प्रत्येकाला शेपटासारख्या तीन-तीन, चार-चार फाइली. माझ्या फोनमधलं ईमेलचं अ‍ॅप इतकं आज्ञाधारक की मी न विचारताच ते सगळं उतरवून घेत होतं. बस मक्केच्या रस्त्याला लागली तेव्हा कंपनीचा मेसेज आला. अर्ध्या तासात रोमिंग डेटाचे 4,600 रुपये झाले होते.

मी फोन बंद करून बेल्टमध्ये कोंबला. ओठांवर तलबिया आणि डोक्यात चार हजार सहाशे. अम्मीने माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या दखनीत म्हणाली, “अल्ला के घर कू आको बी तेरी टपाल बंद नै हुई क्या रे?”

मक्केत आमच्या खोलीत मालेगावचा एक तरुण होता. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दुसऱ्या दिवशी फजरनंतर त्याने माझा फोन हातात घेतला आणि डॉक्टरने जीभ पाहावी तसा पाहिला. म्हणाला, “सर, ये तो हर पंद्रह मिनट में पूछता है, कुछ आया क्या, कुछ आया क्या. पहले इस का मुंह बंद करते.”

तोवर मला मेल म्हणजे पोस्टमनने दारात टाकलेलं पत्र वाटायचं. त्याने समजावलं की फोनमध्ये दोन प्रकार असतात. एकात सर्व्हर पत्र आलं की लगेच तुमच्या दारात ढकलतो, दुसऱ्यात तुमचा फोनच ठरावीक वेळाने पोस्टात जाऊन चौकशी करतो. दोन्हींत हेलपाट्याचे पैसे तुमचे. तिसरा प्रकार म्हणजे आपण बोट लावू तेव्हाच चौकशी करायची. त्याने माझी दोन्ही खाती त्या तिसऱ्या प्रकारावर टाकली. डेटा रोमिंगचं बटण बंद केलं. माझ्या अ‍ॅपमध्ये आणखी एक सोय निघाली, ती मला कधी दिसलीच नव्हती. रोमिंगमध्ये असताना मेलचा फक्त मथळा आणायचा, मजकूर आणि फाइली सर्व्हरवरच ठेवायच्या. मथळा म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, विषय, वेळ आणि फाइल असेल तर तिचं वजन. हे सगळं मिळून दोन-चार केबीत भागतं. शिवाय जाहिरातींच्या मेलमध्ये चित्रं नुसती टांगलेली असतात, मेल उघडला की ती बाहेरून ओढली जातात आणि तुम्ही मेल उघडल्याचं पाठवणाऱ्याला कळतं ते वेगळंच. तेही बंद केलं.

मग मी हिशेब मांडायला बसलो. शिक्षकाची खोड, दुसरं काय. आपल्या देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, संगणकात 3 बाइट खातं, इंग्रजीचं एकच. म्हणजे मराठी पत्र इंग्रजीच्या तिप्पट जड. तरीही 3,000 चिन्हांचं, म्हणजे चांगलं दीडेक पानांचं पत्र 9 केबीत बसतं. फोनने काढलेला एक साधा फोटो साडेतीन एमबीचा. त्या एका फोटोच्या जागेत अशी चारशेच्या आसपास पत्रं मावतील. शिवाय मेलला फोटो जोडला की तो अक्षरांच्या रूपात बदलून पाठवला जातो आणि त्यात सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. नॅकच्या कागदांचं गणित मला तेव्हा कळलं. चार ओळींचा ठराव आम्ही फोटो काढून एकमेकांना पाठवत होतो.

पुढचे आठ दिवस मी अगदी खूश होतो. तिथलं सिम घ्यायला सगळे सांगत होते, पासपोर्ट दाखवून आणि बोटाचा ठसा देऊन मिळत होतं. मी घेतलं नाही. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकतो. हॉटेलच्या वायफायवर दिवसातून एकदा, कधी दोन दिवसांतून एकदा, मथळे पाहायचे आणि फोन ठेवून द्यायचा. तवाफ करताना बेल्ट शांत. सफा-मरवाच्या फेऱ्यांत अम्मीची व्हीलचेअर ढकलताना कोणी हाक मारत नाही, हे सुख मला फार दिवसांनी मिळालं होतं. ते खोटं नव्हतं. म्हणून पुढचं जास्त लागलं.

आम्ही काही शिक्षक मिळून दरमहा थोडे पैसे बाजूला टाकतो. रमजानमध्ये त्यात काहीजण जकात घालतात. त्यातून तालुक्यातल्या पाच-सात मुलांची फी भरली जाते. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, माझ्या नावावरचं एक वेगळं खातं आणि एक वही. ओटीपीची काळजी होती ती याचसाठी, तिथे असताना कुणाची फी निघाली तर भरता यावी म्हणून. नियत चांगली होती, एवढं स्वतःच्या बाजूने म्हणू शकतो.

मदिनेतल्या हॉटेलात वायफाय फक्त खाली, लिफ्टजवळच्या सोफ्यावर मिळायचं. मंगळवारी रात्री इशानंतर तिथे बसून मी मथळे पाहिले. चाळीसेक होते. त्यात एक असा होता: नाव अनोळखी, कुठल्याशा सायबर कॅफेच्या पत्त्यासारखं, विषय काहीच नाही, फाइली तीन, वजन 11 एमबी. मी मनात म्हणालो, आला आणखी एक नॅकवाला किंवा लॉटरीवाला. आणि पुढे सरकलो.

हे मी पाहिलं होतं. पाहिलंच नाही, वायफायच नव्हतं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी जुम्मा झाला, अस्र झाली. अम्मी खोलीत पडली होती. सोफ्यावर कोणी नव्हतं, वायफाय कधी नव्हे ते जोरात होतं, तेव्हा वेळ जावा म्हणून तो मेल उघडला. तीन फोटो. पहिला वहीच्या पानाचा, निळ्या शाईतलं मराठी पत्र: “आदरणीय सर, अस्सलामु अलैकुम. आपण उमऱ्याला असताना त्रास देते आहे, माफ करा.” दुसरा फी चलनाचा, 6,800 रुपये, शेवटची तारीख गुरुवार. तिसरा मार्कलिस्टचा, म्हणजे आपण मागच्या वर्षीही पास झालो, पैसे वाया गेले नाहीत, याचा पुरावा. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिच्याकडे स्वतःचा ईमेल नव्हता, कॅफेवाल्याच्या पत्त्यावरून पाठवला होता. विषय लिहायचा असतो हे तिला माहीत नव्हतं, आणि ते तिला कुणी शिकवलेलंही नव्हतं. मी मराठी शिकवतो. अर्जात ‘विषय’ कुठे लिहायचा हे दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवतो. मेलचं कधी सांगितलं नव्हतं.

खोलीत गेलो. अम्मीला माझा चेहरा पाहून कळलं. सगळं सांगितलं. मला वाटलं ती काही समजुतीचं बोलेल. तिने विचारलं, “उस पोरी कू फोन करा क्या?” मी म्हटलं, इथून फोन म्हणजे मिनिटाला किती पडतील कुणास ठाऊक. अम्मीने उशीखालची पिशवी काढली, रियाल मोजायला लागली. मग मात्र मी फोन लावला. तिथे साडेचार वाजले होते, म्हणजे आपल्याकडे सात.

मुलगी म्हणाली, “सर, झाली फी भरून. कालच. तुम्ही काळजी करू नका, तिथे आमच्यासाठी दुआ करा.” कशी भरली ते सांगेना. दोनदा विचारल्यावर म्हणाली, अम्मीचे कानातले सोनाराकडे ठेवले. फोन का नाही केला, म्हणून विचारलं. “केला होता सर, एकदा. लागला नाही. आणि तुम्ही जाताना म्हणाला होता ना, तिकडे फोनला पैसे पडतात.”

म्हणालो होतो. निरोपाच्या जेवणाला हसत हसत सगळ्यांना सांगितलं होतं.

परतल्यावर पहिल्याच रविवारी त्यांच्या गावी गेलो. 6,800 फंडातले दिले. सोनाराचं व्याज महिन्याला दोन टक्के, म्हणजे 136 रुपये. जकातीचा पैसा व्याजात कसा घालणार? ते मी खिशातून काढले. मुलीच्या अम्मीने मूळ रक्कम घेतली, 136 परत माझ्या हातावर ठेवले. चहा पाजला. जाताना आबे-जमजमची बाटली मागून घेतली, तेवढंच. मोबाइलच्या बिलावरून मी नंतर कंपनीशी भांडलो, काही निष्पन्न झालं नाही, आणि ते मी विसरूनही गेलो. ते 136 रुपये मात्र वहीत आजही वेगळ्या ओळीवर आहेत, कुठल्या खात्यात घालावेत ते कळलेलं नाही.

त्यानंतर दोनदा बाहेर जाणं झालं, दोन्ही वेळा दुबईला धाकट्या भावाकडे. आता उतरल्याबरोबर तिथलं सिम घेतो. माझं सिम दुसऱ्या खाचेत राहतं, फक्त ओटीपीपुरतं, त्याचा डेटा बंद. कॉलेजचं खातं निघण्यापूर्वीच फोनवर बंद करतो. नॅक माझ्याविना होतं हा शोध मला उशिरा लागला. जीमेलमध्ये घरच्या संगणकावरून एक चाळणी लावून ठेवली आहे: विषयात ‘फी’ असेल तो मेल वेगळ्या लेबलखाली पडतो आणि त्याच लेबलची सूचना फोनवर वाजते, बाकी सगळं मुकं. सुट्टीचं आपोआप जाणारं उत्तरही लावतो. ते सर्व्हरवरूनच जातं, आपला फोन बंद असला तरी जातं, त्याला आपला डेटा लागत नाही. त्यात मराठीत तीन ओळी आहेत: मी परगावी आहे, फोटो जोडू नका, मजकूर टाइप करा, घाईचं असेल तर या नंबरवर माझ्या सहकाऱ्याला फोन करा. आणि खात्यावर आता त्या सहकाऱ्याचीही सही चालते. हे शेवटचं तर फोनशिवाय, दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

दरवर्षी जूनमध्ये फंडाच्या मुलांना बोलावतो तेव्हा अर्धा तास ईमेलचा तास घेतो. विषय कुठे लिहायचा, फोटो लहान कसा करायचा, चार ओळींसाठी फोटो का काढू नये. पोरं हसतात, त्यांना सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर हवं असतं. तरी घेतो.

ती मुलगी आता पुण्यात एका औषध दुकानात नोकरीला आहे. मागच्या रमजानमध्ये तिचा मेल आला. विषयात लिहिलं होतं, ‘फी – माझ्याकडून’. आत चार ओळी होत्या: “सर, या महिन्यापासून मी पण 500 रुपये टाकणार आहे. खाते क्रमांक कळवा. पैसे भरल्याच्या पावतीचा फोटो पाठवणार नाही, नुसता नंबर टाइप करीन. तुम्ही कुठे असाल, सांगता येत नाही.”