तेल्हाऱ्याचें ऊन आणि स्टील गिटार

अकोल्याहून अकोटमार्गें तेल्हाऱ्यास जातांना उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ दिसूं लागते आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस कपाशीची काळी जमीन पसरलेली असते. चैत्रांत ती उघडी पडते. तिला अशा भेगा पडतात कीं त्यांत हात घालावा तर कोपरापर्यंत जावा. दक्षिणेस पूर्णेच्या कांठचा खारपाणपट्टा, उत्तरेस वान नदीवरील धरण, आणि मध्यें हें तालुक्याचें गांव. उन्हाळ्यांत दुपारभर दारें लावून बसणारें. अकोल्याकडील पारा मे महिन्यांत ४५ अंशांवर जातो हें सर्वांस ठाऊक आहेच. अशा गांवीं हवाई बेटांतील वाद्याचें काय काम, असें वाचक विचारतील.

माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं हें वाद्य तीन वर्षांपासून वाजत आहे. वाजविणारी त्यांची कन्या. शिकविणारे तिचे आजोबा. आजोबा पूर्वीं गात असत. घशाच्या शस्त्रक्रियेंत त्यांचा आवाज गेला. आतां ते पाटीवर लिहून बोलतात आणि बंदिशींतील जागा बोटानें हवेंत काढून दाखवितात. पेटीवर ती जागा निघत नाहीं, कारण पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्यें कांहीं नसतें. १९४० साली आकाशवाणीनें पेटीवर बंदी घातली, तिच्या मुळाशीं हीच एक मोठी तक्रार होती. स्टील गिटारच्या तारेवरून पोलादी कांब सरकते, आणि दोन सुरांमधील सगळी वाट तिला मोकळी असते. यंदा रामनवमीस देवळाच्या सभामंडपांत नातीनें आजोबांची एक चीज वाजवावी असें ठरलें होतें. आजोबांची प्रकृति पाहतां ‘पुढच्या वर्षीं’ हे शब्द त्या घरांत कोणी उच्चारीत नव्हतें. सामग्रीसाठीं पंचवीस हजार रुपये बाजूस काढलेले होते, आणि ते कशावर खर्चावे हें पाहण्यासाठीं मला बोलावणें आलें.

वाद्य तसें आपल्यास अगदींच परकें नाहीं. विचित्रवीणा कांचेच्या गोट्यानें वाजते; दक्षिणेंतील गोट्टुवाद्य त्याच जातीचें. गिटार मांडीवर आडवी घेऊन पोलादानें वाजविण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांत निघाली व तिचें श्रेय जोसेफ केकुकू यांस देतात. विजेवर वाजणारी पहिली यशस्वी गिटारहि याच जातीची. १९३२ साली अमेरिकेंत रिकनबॅकर यांनीं ती विक्रीस काढली, आणि तिच्या आकारावरून लोकांनीं तिला तळण्याचा तवा म्हणावयास सुरुवात केली! दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ताऊ मो हे हवाई वादक कलकत्त्यास राहत होते. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत व्हॅन शिप्ले यांनीं हें वाद्य गाजविलें. आणि १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत ब्रिजभूषण काब्रा यांनीं तें संतूर व बांसरीच्या बरोबरीनें रागसंगीतांत आणून बसविलें.

आतां खर्चाचें. एका दुकानदारानें यजमानांस शंभर वॉटचा ध्वनिवर्धक सुचविला होता आणि सगळी रक्कम त्यांतच संपत होती. आमच्या लोकांस मोठ्या पेटाऱ्याचा मोह लग्नाच्या मांडवापासून जडलेला आहे. परंतु वॉट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो, ही समजूत खरी नव्हे. पन्नासाचे शंभर वॉट केले तर वाढ अवघी तीन डेसिबलची; ती कानास जेमतेम कळते. स्टील गिटारला पाहिजे असतो तो स्वच्छपणा. लांबलेला सूर हेंच तिचें भांडवल, आणि तो मध्येंच चिरकला तर मींड बिघडते. म्हणून परीक्षा अशी करावी: ज्या मोठेपणानें कार्यक्रमांत वाजवावयाचें तितका आवाज दुकानांतच चढवावा, खर्जाची तार जोरानें छेडावी आणि ती फाटते कां पाहावें, मग वरची तार छेडून कांब सावकाश चढवीत न्यावी आणि एखादा सूर एकाएकीं बोंबलतो कां, एखादा बुडतो कां, तें ऐकावें. अकोल्यास अशी परीक्षा करून आम्हीं बारा इंची कर्ण्याचा, पन्नास वॉटचा, एकदां वापरलेला ध्वनिवर्धक घेतला. रकमेपैकीं निम्म्याहून अधिक पैसे हातांत राहिले.

ते राहावयासच हवे होते, कारण खरी उणीव लहान वस्तूंची होती. मुलगी ज्या कांबेनें वाजवीत होती ती पोकळ नळी होती. हलकी नळी तारेवर खडखडते आणि सूर पातळ करते. भरीव पोलादाची, एक टोक गोल असलेली, सुमारें दोनशें ग्रॅमची कांब हातीं येतांच पहिल्या आलापांत फरक पडला. आजोबांनीं पाटी मागितली आणि ‘आतां श्वास लांबला’ एवढेंच लिहिलें. अंगठ्यास प्लॅस्टिकची नखी, दोन बोटांस धातूच्या नख्या, तारांचे दोन जादा संच, आणि पायानें आवाज कमीजास्त करण्याचें पेडल. या पेडलला मी चैन मानीत नाहीं. सूर विझूं लागला कीं पाऊल दाबून त्यास आधार देतां येतो. गवय्याच्या दमाचें काम येथें पाऊल करतें. मात्र साध्या पेडलच्या पोटांत एक फिरती घासपट्टी असते, आणि वऱ्हाडची धूळ तिच्यांत शिरली कीं खरखर सुरू होते. म्हणून त्यास कापडी पिशवी शिवून घेतली.

देवळांतील रंगीत तालमीस मांडववाल्यानें गिटारची तार सरळ माइकच्या भोंकांत खोवली आणि वाद्य घोंगडी पांघरल्यासारखें बोलूं लागलें. गिटारच्या चुंबकी कानास सुमारें दहा लाख ओहमचें दार लागतें; माइकचें दार हजारदोन हजार ओहमचें, तेथें वरचे सूर दबून जातात. मध्यें डीआय नांवाची लहानशी डबी घालावी लागते. ती आम्हीं घेतलेली होती. डबी जोडतांच मांडववाला म्हणाला, “हे तं बाप्पा मानसावानी गाते! मंग मोठा आवाज कायले पाह्यजे?”

राहिली घरघर. घरीं सरावास बसलें कीं पन्नास आवर्तनांच्या विजेचा गुंजारव सुरांखालीं अखंड चाले. त्याचा कांहीं भाग पंख्याच्या विजेरी नियामकाचा होता. तो बंद करतांच गेला, पण तेल्हाऱ्यांत चैत्रांत पंखा बंद करून कोण वाजविणार? जुन्या पद्धतीचा टप्प्याटप्प्यांचा नियामक बसविला. उरलेली घरघर मात्र अंगणांतून येत होती. घराच्या विजेची जमिनींत पुरलेली सळई उन्हाळ्यांत नुसती नांवाची राहते; काळी माती वाळली कीं वीज नीट वाहून नेत नाहीं, आणि आकसून सळईपासून सुटतेहि. तारेवर हात ठेवून बसणाराच्या दृष्टीनें ही गोष्ट घरघरीपुरती नसून जिवाची आहे. बत्तीचा तिसरा कांटा तोडून काम भागविणारे लोक मीं पाहिले आहेत. त्यांच्या हातचें वाद्य मी घेणार नाहीं. तारमिस्त्रीकडून खड्डा नव्यानें मीठ-कोळसा घालून भरून घेतला, आणि पावसाळा लागेपर्यंत दर आठवड्यास त्यांत दोन बादल्या पाणी ओतण्याचें काम धाकट्या भावाकडे आलें.

नवमीस दुपारीं मिळविलेल्या तारा संध्याकाळीं हवा निवतांच चढल्या, हें आजोबांनीं सर्वांच्या आधीं ओळखलें आणि बोट खालीं दाखविलें. मुलीनें सहाहि तारा पुन्हां लावल्या आणि पूरियाधनाश्री सुरू केला. समेच्या अगोदरच्या जागीं आजोबांचें बोट हवेंत वर गेलें, तेव्हां कांब त्याच्या किंचित् आधींच तेथें पोहोंचलेली होती.