रियाझाची भिशी

युकुलेलेवरचं कुठलं तंत्र मी कुणाकडून घेतलं, हे मला नेमकं सांगता येतं. गाण्याबद्दल तसं सांगता येणार नाही. लहानपणी गांधर्वच्या प्रवेशिकेपर्यंत शिकले. पण त्यात क्लासच्या बाईंचं किती, आईचं किती आणि रेडिओचं किती, हे आता वेगळं काढता येत नाही, इतकं ते एकमेकांत मुरलंय. युकुलेले फार उशिरा हातात आलं आणि ते तीन माणसांनी मला दिलं. त्यांची नावं इथे लिहीत नाही. सोसायटीत आम्ही एकमेकांना ज्या हाका मारतो, तेवढ्या पुरेत: काकू, अंकल आणि धाकटा.

काकू आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर महिला भजनी मंडळात तबल्यावर बसू लागल्या, त्या अजून बसतात. अंकल मूळचे गोव्यातल्या सासष्टीचे. गावातल्या चर्चच्या शाळेत सोल्फेज आणि व्हायोलिन शिकून मुंबईला आले आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिनच्या ताफ्यात वाजवत राहिले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोवेकर अरेंजरांनी हिंदी गाण्यांना जो ऑर्केस्ट्रा दिला, त्यात पहिलं नाव कधीच नसलेले शेकडो हात होते. अंकलचे हात त्यांतले. आणि धाकटा म्हणजे तळमजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा. डोंबिवलीच्या या इमारतीत युकुलेले आणलं ते त्यानं. वाद्य लहान, सोप्रानो आकाराचं तर जेमतेम 53 सेंटिमीटर. नायलॉनच्या चार तारा, आवाज भिंतीपलीकडे न जाणारा. एकाचं बघून दुसऱ्यानं घेतलं.

युकुलेले पटकन वश होतं. तीन कॉर्ड आल्या, हात खाली-वर फिरायला लागला की ओळखीची गाणी निघतात, घरचे कौतुक करतात. पण जे वाद्य इतक्या लवकर आनंद देतं, ते तितक्याच लवकर माणसाला एका जागी बसवूनही ठेवतं, असं माझं मत झालं आहे. आम्ही चौघंही आपापल्या घरी त्याच जागी बसून होतो. पुढे काय शिकायचं ते ठाऊक होतं, पण एकट्यानं ते होत नव्हतं.

भिशीची कल्पना काकूंची. पैशांच्या भिशीत दर महिन्याला सगळे सारखी रक्कम घालतात आणि चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल तो सगळा गठ्ठा उचलतो. इथे रकमेच्या जागी रियाझ. ज्याचं नाव निघेल त्यानं स्वतःला न येणारं एक तंत्र निवडायचं आणि महिनाभर चौघांनी तेच रोज थोडं थोडं घोटायचं. ज्याला ते आधीपासून येतं, त्यालाही सुटका नाही. महिनाअखेरच्या रविवारी प्रत्येकानं ते वाजवून दाखवायचं आणि त्यात आपल्याला काय सापडलं ते सांगायचं. दुसरी अट पहिलीपेक्षा मोलाची होती, हे पुढे कळलं.

पहिली चिठ्ठी माझी निघाली.

भिशीत पहिला नंबर लागणाऱ्याला गठ्ठा आधी मिळतो आणि तो पुढे सगळ्यांचं देणं फेडत राहतो. मी निवडलं ते ‘चंक’. तर्जनीचं नख तारांवरून खाली जातं आणि त्याच क्षणी तळव्याची कड तारांवर टेकून त्यांना मुकं करते. सूर निघत नाही, कोरडा ‘टक्’ निघतो. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर हा ‘टक्’ बसला की एकटं युकुलेले सोबत तालवाद्य घेऊन आल्यासारखं वाजतं. माझ्या हातून मात्र आधी झंकार यायचा आणि मग तो तुटायचा.

काकूंनी आठवडाभर आपल्या घरी घोटलं आणि एका संध्याकाळी खाली आल्या. माझं ऐकलं. म्हणाल्या, “अगं, तू दोन कामं करतेयस. आधी मारतेस, मग बंद करतेस. डग्ग्यावर ‘क’ वाजवताना आपण आधी वाजवून मग दाबतो का? हात पडतो तोच बसलेला पडतो.” मग त्यांनी युकुलेले बाजूला ठेवायला लावलं आणि मांडीवर बोल म्हणायला लावले. खाली, वर, बंद, वर: धाना कना, धाना कना. ‘धा’ला हात खुला, ‘क’ला बसलेला. बोल तोंडात पक्का झाला आणि हात त्याच्या मागून गेला. खुला बोल आणि बंद बोल हा फरक मी लहानपणापासून तबल्यावर ऐकत आले होते. तो माझ्या उजव्या हातात उतरवला काकूंनी.

अंकलना त्या महिन्यात त्रास झाला. सगळा जन्म गज ओढण्यात गेलेला, सूर लांबवणं हेच त्यांच्या उजव्या हाताचं काम. सूर वाजता वाजता मारायचा, हे त्या हाताला पटेना. तरी ते रोज बसले. शेवटी त्यांना सापडलं ते डाव्या हाताकडे. ज्या कॉर्डमध्ये चारही तारा दाबलेल्या असतात, उघडी तार एकही नसते, तिथे डाव्या हाताची बोटं तारांवरच ठेवून दाब तेवढा सैल करायचा. सूर आपोआप विझतो आणि उजव्या हाताचं अर्धं काम हलकं होतं. धाकट्यानं फोनवर माझ्या हाताचं संथ गतीतलं चित्रण केलं आणि दाखवलं, “ताई, बघ, तुझा हात कोपरातून येतोय. मनगट वळतच नाहीये.” ते चित्रण मी अनेकदा पाहिलं. महिना संपला तेव्हा माझ्या हातात चंक होता आणि तिघांनी तिघांच्या वाटेनं शोधलेल्या तीन गोष्टीही होत्या.

मला या माणसांचं ऋण वाटतं ते इथे. शिकवणारा माणूस आपल्याला येतं ते देतो. ते मोठंच, त्याला मी कमी लेखत नाही. पण या तिघांनी माझ्या अडचणीला आपली अडचण करून घेतलं. अंकलना चंकची गरज नव्हती. या वयात बोटांतले सांधे दुखत असताना, ज्या तंत्राशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, त्यासाठी त्यांनी आपल्या आयुष्यातला एक महिना घातला. तो मी उचलला.

दुसरी चिठ्ठी धाकट्याची. त्यानं जॉर्ज फॉर्म्बीचा ‘स्प्लिट स्ट्रोक’ निवडला. फॉर्म्बी इंग्लंडमधल्या विगन गावचा, जन्म 1904चा. 1930 आणि 40च्या दशकांत तिथल्या सिनेमातला अतिशय लाडका नट. युकुलेलेचा गळा आणि बँजोचं कातडं असलेला बँजोलेले तो वाजवायचा, आणि त्याचा उजवा हात अजूनही जगभरचे वादक संथ करून करून अभ्यासतात. या झटक्यात चारही तारा एका वेळी वाजत नाहीत, हात तारांची वाटणी करतो. खाली जाताना सगळ्या तारा, वर येताना फक्त पहिली, पुन्हा खाली जाताना फक्त चौथी. आठ भागांच्या घरात जोर येतात ते तीन, तीन आणि दोन असे.

काकू म्हणाल्या, “हा केरवाच की रे! आठच मात्रा आहेत, फक्त वजन हललंय.” त्यांनी टाळी धरली आणि एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन असं मोजत धाकट्याला नुसतं चालायला लावलं. दिवाणखान्यात तो मुलगा तीन-तीन-दोनच्या पावलांनी फेऱ्या घालत होता, हे मला फार आवडलं. मला हा झटका अजून वेगात येत नाही, पण त्यातली चौथ्या तारेवर एकट्या उतरणाऱ्या बोटाची जाण मला त्या महिन्यानं दिली, आणि पुढच्या महिन्यात सगळं काम त्याच तारेशी होतं.

कारण तिसरा नंबर अंकलचा होता. त्यांनी निवडलं ‘कँपानेला’.

युकुलेलेच्या तारा कपाळाकडून पायाकडे मोजल्या तर जी, सी, ई, ए अशा लागतात. गिटारसारखी सर्वांत वरची तार सर्वांत खर्जातली असेल असं वाटतं, पण ती नसते. ती जी उंच असते. सी म्हणजे पांढरी एक. तिला सा धरलं तर उघड्या तारा होतात प, सा, ग, ध, आणि तो पंचम मंद्रातला नसून मध्य सप्तकातला. त्यामुळे शेजारशेजारचे सूर शेजारच्या तारेवर नसतात, पंचम अंगठ्यापाशी आणि धैवत दुसऱ्या टोकाला. कँपानेलात याच उलटसुलट रचनेचा उपयोग करतात. धुनेतला प्रत्येक सूर शक्य तिथे वेगळ्या तारेवर वाजवायचा, म्हणजे पुढचा सूर आला तरी मागचा वाजत राहतो आणि चर्चच्या घंटांसारखे सूर एकमेकांत मिसळतात. जुन्या स्पॅनिश गिटारवरही तारा अशाच उलटसुलट लागत. गास्पार सान्स या वादकानं 1674 साली सारागोसात छापलेल्या पुस्तकात हे तंत्र आहे. युकुलेलेवर ते पुन्हा आणलं अमेरिकेतल्या जॉन किंगनं. 1953चा जन्म, 2009मध्ये गेला. बाखची व्हायोलिनची तिसरी पार्टिता त्यानं पूर्णपणे या पद्धतीनं युकुलेलेवर बसवली.

तीच पार्टिता अंकलनी तरुणपणी व्हायोलिनवर घोटलेली. धाकट्यानं त्यांना किंगचं वादन ऐकवलं तेव्हा ते उठून खिडकीपाशी गेले, परत आले आणि “पुन्हा लाव” म्हणाले. त्यांच्या नंबरला निवड काय होणार, हे आम्हाला त्या दिवशीच कळलं होतं.

त्या महिन्यात अंकल मोकळे झाले. रविवारी कॉफी घेता घेता त्यांनी आम्हाला या वाद्याच्या घराण्याची हकिगत सांगितली. 1879च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. मदेइरा बेटावरची पोर्तुगीज माणसं हवाईच्या उसाच्या मळ्यांवर कराराची मजुरी करायला आली होती. त्यांत तीन सुतार होते: मानुएल नुनेस, आउगुश्तो दियश आणि झुझे दो एश्पिरितु सांतु. मळ्यांवरचे करार सुटल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकानं थाटली आणि आपल्या बेटावरच्या माशेत या छोट्या वाद्यावरून तिथल्या कोआ लाकडात नवं वाद्य घडवलं. राजा कालाकौआनं त्याला दरबारात जागा दिली. अंकल हे आपल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत होते. पोटासाठी जहाजात चढलेला, सोबत फक्त कसब घेऊन निघालेला माणूस त्यांना परका नव्हता. त्यांचे वडील गोव्याहून मुंबईला आले ते तसेच.

डावा हात माझ्या सवयीनं सूर झाला की उठायचा. अंकल दर वेळी एवढंच म्हणायचे, “बाय, बोट सोडू नको. वाजू दे त्याला.” सूर लावणं मला गाण्यानं शिकवलं होतं. लावलेला सूर पुढचा आला तरी धरून ठेवायचा, दोघांना शेजारी नांदू द्यायचं, हे अंकलकडून आलं. आज मी गाते तेव्हाही तंबोऱ्याच्या तारा मला वेगळ्या ऐकू येतात.

शेवटचा नंबर काकूंचा. त्या म्हणाल्या, “इतके दिवस लोकांचं केलं. आता मला यावर भूप पाहिजे.”

आणि आम्हाला दिसलं की भूप तिथे होताच. उघड्या तारा प, सा, ग, ध. भूपाच्या पाच सुरांतला फक्त रिषभ बाकी, तो सा-च्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवर. वरचा षड्ज पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर. एवढी दोन बोटं ठेवली की राग उभा. अडचण पुढे होती. पडदे घट्ट बसवलेले, नायलॉनची तार ओढून फारशी चढत नाही, म्हणजे सतारीसारखी मींड निघायची नाही. धैवतावरून पंचमावर अलगद उतरायचं कसं? महिनाभर आम्ही त्या एका उतरणीशी झगडलो. धाकट्यानं घसरतं बोट करून पाहिलं, पण त्यात मधला कोमल धैवत स्पष्ट ऐकू येतो, तो भूपाला चालत नाही. अंकलनी कँपानेला लावला: धैवत पहिल्या तारेवर, पंचम चौथ्या, दोन्ही उघड्या, एकमेकांत वाजत. मी चौथ्या तारेवरच धैवत दाबून बोट ओढून काढलं, की उघडा पंचम मागून उमटतो. सतारवाले ज्याला कृंतन म्हणतात तसं. काकूंनी दोन्ही घेतलं. आलाप अंकलच्या वाटेनं, गत माझ्या वाटेनं, आणि गतीच्या सोबतीला चंक.

त्या महिन्यात काकूंच्या कामाला माझी एक गोष्ट आली, याचं समाधान मला आहे. हिशोब मात्र त्यानं मिटला नाही, आणि तो मिटावा अशी माझी इच्छाही नाही.

आता भिशीची दुसरी फेरी चालू आहे. एक शाळकरी मुलगी नव्यानं आली आहे आणि तिनं चंकच निवडला. मी तिला मांडीवर ‘धाना कना’ म्हणायला लावलं, मनगटाचं चित्रण केलं, सैल दाबाची युक्ती दाखवली, आणि कुठली गोष्ट कुणाची तेही सांगितलं. तिचा हात इतका लहान की तळव्याची कड चारही तारांपर्यंत नीट पोचत नव्हती. तिनं स्वतःच हात पोकळीवरून सरकवून गळा जिथे खोक्याला मिळतो तिथे नेला. तिथे तारा मऊ लागतात, हात कमी उंचीवरून पडतो आणि ‘टक्’ जास्त कोरडा निघतो. रविवारी तिनं हे आम्हाला सांगितलं. काकूंनी लगेच करून पाहिलं, मग मी. तेव्हापासून मी चंक तिथेच वाजवते.